क्रियापद चुकले की काम बिघडते

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीचे निमंत्रण आले तेव्हा 'विद्यार्थ्यांना चार शब्द सांगा' एवढेच आम्हाला कळविले होते. कोणते चार शब्द, हे कोणी सांगितले नव्हते. म्हणून आम्ही अभ्यासिका सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला विचारले, "मुलांची खरी अडचण काय आहे?" तो म्हणाला, "सर, मुलांना इंग्रजी शब्द पुष्कळ येतात, पण दोन सारख्या शब्दांतला कोणता कुठे लावायचा, इथे गाडी अडते." हे उत्तर आम्हाला पटले. आमचीही गाडी एकदा तेथेच अडली होती आणि ती अडचण आम्हाला महागात पडली होती. तेव्हा आज मोठमोठ्या गोष्टी न बोलता इंग्रजीतील काही क्रियापदांबद्दलच बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

क्रियापदच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, वाक्यात नाम चुकले तर ऐकणारा हसतो, पण काय म्हणायचे आहे ते त्याला बहुधा समजते. क्रियापद चुकले की कोणी काय केले, कोणाला केले, हेच बदलते. नाम चुकले तर हसू होते, क्रियापद चुकले तर काम बिघडते. याचा दाखला आम्ही स्वतःच्याच आयुष्यातून देतो.

आमच्या वेळी मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी सुरू होत असे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आमच्या घराण्यात इंग्रजी कागद वाचणारे आम्हीच पहिले. शिक्षण संपवून आम्ही एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो. पहिल्याच वर्षी आई आजारी पडल्याची तार आली. रजेचा अर्ज देऊन आम्ही गावी गेलो आणि तीन दिवसांनी परत आलो. टेबलावर मेमो होता. परवानगीशिवाय गैरहजर राहिलात, खुलासा करा, असा त्याचा आशय. आम्हाला फार वाईट वाटले. आमच्या मनात मराठी वाक्य असे होते : 'आपला मेमो मिळाला, मिळाल्याचे मान्य करतो. पण मी अर्ज दिला होता.' आम्ही शब्दकोशात 'मान्य करणे' शोधले आणि ऐटीत लिहिले, 'आय अ‍ॅडमिट युवर मेमो.' अर्जाचे वाक्य त्यापुढे कसेबसे जोडले.

दोन दिवसांनी हेडक्लार्कनी बोलावून घेतले. चांगला माणूस होता. तो म्हणाला, "अहो, तुम्ही काय लिहून दिलंय ते ठाऊक आहे का? मेमोची पोच द्यायची होती, तुम्ही गुन्हा कबूल केलात!" तोपर्यंत कागद वर गेला होता. कर्मचाऱ्याने आरोप मान्य केला, असा शेरा पडला आणि आमची एक वेतनवाढ थांबली. पोच देणे म्हणजे 'अ‍ॅकनॉलेज' आणि कबुली देणे म्हणजे 'अ‍ॅडमिट', एवढ्या फरकाची ती किंमत होती. आमच्या अर्जाची नोंद आवक रजिस्टरात होती, पण आमच्याच सहीची कबुली फाइलमध्ये असताना रजिस्टर उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

या प्रकारानंतर आम्ही एक वही केली. घोटाळ्याची क्रियापदे तिच्यात लिहीत गेलो. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की हे घोटाळे वरवर शेकडो दिसले तरी त्यांची कुळे चारच आहेत. कूळ ओळखले की कोणता प्रश्न विचारायचा ते कळते. ती चार कुळे आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिले कूळ कर्माचे. आपल्या मराठीत पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, फुटणे आणि फोडणे, बसणे आणि बसवणे अशा जोड्या आहेत. झाड पडले, आणि त्याने झाड पाडले. पहिल्या वाक्यात कर्म नाही, दुसऱ्यात आहे. तिसरीतले मूलसुद्धा 'मी आंबा पडला' असे म्हणत नाही. ही समज आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. इंग्रजीतही अशा थोड्या जोड्या आहेत. फार जुन्या इंग्रजीत एका क्रियापदापासून 'करविणे' या अर्थाचे दुसरे क्रियापद बनविण्याची रीत होती. ती रीत पुढे मोडली, पण तिच्यातल्या काही जोड्या शिल्लक राहिल्या. त्याच आज आपल्याला त्रास देतात.

'राइझ' म्हणजे वर येणे, चढणे, उठणे. 'रेझ' म्हणजे वर करणे, चढवणे. सूर्य 'राइझ' होतो, हात आपण 'रेझ' करतो. भाव आपोआप चढले असे म्हणायचे असेल तर 'प्रायसेस हॅव रिझन', दुकानदाराने चढविले असे म्हणायचे असेल तर 'द शॉपकीपर हॅज रेझ्ड द प्रायसेस'. सभेत प्रश्न उपस्थित करतात तो 'रेझ', कारण प्रश्न हे कर्म आहे. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे, मांडणे. 'फॉल' म्हणजे पडणे, 'फेल' म्हणजे पाडणे. जंगलखात्याच्या कागदात 'ट्रीज वेअर फेल्ड' असे असते, म्हणजे झाडे तोडून पाडली. 'ड्रिंक' म्हणजे पिणे आणि त्याचीच जुनी जोडीदारीण 'ड्रेंच' म्हणजे मुळात पाजणे. आज तिचा अर्थ चिंब भिजवणे असा झाला आहे.

या कुळातली सर्वांत खोडकर जोडी म्हणजे 'लाय' आणि 'ले'. 'लाय' म्हणजे पडून असणे, आडवे होणे. 'ले' म्हणजे ठेवणे, निजवणे, घालणे. रोगी खाटेवर पडला आहे : 'द पेशंट इज लाइंग ऑन द बेड'. नर्सने मुलाला खाटेवर निजवले : 'द नर्स लेड द चाइल्ड ऑन द बेड'. येथवर सोपे आहे. घोटाळा होतो तो भूतकाळात. 'लाय'ची रूपे आहेत लाय, ले, लेन, आणि 'ले'ची रूपे आहेत ले, लेड, लेड. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ हुबेहूब एकच. त्यात भर म्हणून खोटे बोलणे या अर्थाचा तिसरा 'लाय' आहे, त्याची रूपे लाय, लाइड, लाइड. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही या ठिकाणी नेहमी अडखळतात, तेव्हा आपण लाजण्याचे कारण नाही. लक्षात ठेवायला एक खूण सांगतो. जुन्या इमारतीच्या कोनशिलेवर इंग्रजीत लिहिलेले असते की हा दगड अमुक यांच्या हस्ते 'लेड' झाला. दगड स्वतः जाऊन पडत नाही, त्याला कोणी तरी बसवावे लागते. 'लेड' दिसला की बसविणारा हात शोधावा.

पण येथे एक उलट गोष्टही पाहून ठेवा. इंग्रजीत 'ब्रेक' हे एकच क्रियापद फुटणे आणि फोडणे या दोन्हींचे काम करते. 'द ग्लास ब्रोक' म्हणजे काच फुटली, 'ही ब्रोक द ग्लास' म्हणजे त्याने काच फोडली. म्हणून कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काही मोडले आणि तुमच्याकडून लेखी हकीकत मागितली, तर क्रियापदाच्या आधी कोणाला बसवता ते नीट पाहा. 'आय ब्रोक' असे लिहिले की ते तुम्ही मोडले. ते आपोआप मोडले असेल तर तसेच लिहा.

दुसरे कूळ दिशेचे. क्रिया एकच, पण ती कोणाकडून कोणाकडे जाते यावर शब्द बदलतो. आपण 'उसने घेणे' आणि 'उसने देणे' म्हणतो. 'उसने' हा शब्द दोहोंकडे तोच राहतो. इंग्रजीत घेणाऱ्याचे क्रियापद 'बॉरो' आणि देणाऱ्याचे 'लेंड'. विद्यार्थी ग्रंथालयातून पुस्तक 'बॉरो' करतो, ग्रंथालय विद्यार्थ्याला पुस्तक 'लेंड' करते. 'बॉरो'च्या मागे 'फ्रॉम' येतो, 'लेंड'च्या मागे 'टु'. बँकेच्या अर्जात 'आय विश टु लेंड मनी' असे लिहिणारा तरुण बँकेलाच कर्ज द्यायला निघालेला असतो!

'ब्रिंग', 'टेक' आणि 'फेच' यांचेही असेच. बोलणारा किंवा ऐकणारा जेथे असेल तेथे आणणे म्हणजे 'ब्रिंग'. दुसरीकडे नेणे म्हणजे 'टेक'. जाऊन घेऊन येणे, म्हणजे दोन्ही फेऱ्या, ते 'फेच'. आठवणे हे 'रिमेंबर', आठवण करून देणे हे 'रिमाइंड'. 'उद्या मला आठवण करा' असे म्हणताना पुष्कळ जण 'रिमेंबर मी' म्हणतात. ते चूक आहे. 'रिमाइंड मी' म्हणावे. गंमत अशी की 'रिमेंबर मी टु युवर मदर' हे वाक्य इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ 'आईला माझा नमस्कार सांगा' असा होतो.

आता परीक्षेचे पाहा. आपण परीक्षा 'देतो', म्हणून आपल्याकडचा विद्यार्थी 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतो. भारतात हे इतके रुळले आहे की कोणी अडवत नाही. पण भारताबाहेर अर्ज करताना ध्यानात ठेवा, तेथे विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो किंवा परीक्षेला 'सिट' करतो, आणि परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक. प्रश्नपत्रिका काढणारा ती 'सेट' करतो. तेथे 'आय गेव्ह द एक्झाम' असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, हा उमेदवार परीक्षक होता!

याच कुळातले आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे क्रियापद म्हणजे शिकणे. शिकणे म्हणजे 'लर्न', शिकवणे म्हणजे 'टीच'. 'ही लर्न्ड मी इंग्लिश' असे म्हणू नये, 'ही टॉट मी इंग्लिश' असे म्हणावे. यावरून एक विचार मनात येतो. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात जो संदेश दिला त्यात तीन इंग्रजी क्रियापदे आहेत : 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज'. मराठीत आपण त्यातल्या पहिल्याचे 'शिका' केले, आणि ते योग्यच आहे. पण मूळ शब्द 'लर्न' नाही, 'एज्युकेट' आहे. 'एज्युकेट' म्हणजे शिक्षित करणे. ते क्रियापद कर्म मागते. कोणाला? त्या जागी स्वतःला ठेवा, शेजारच्या झोपडीतल्या मुलाला ठेवा, दोन्ही बसतात. दहावी झालेल्याने आठवीच्या मुलाला तासभर बसवून घेतले, तर व्याकरणही पुरे होते आणि संदेशही.

तिसरे कूळ सर्वांत मोठे. मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत त्याच कामाला तीन-चार. येथे शब्दकोश आपल्याला फसवतो, कारण तो सर्व शब्द एका ओळीत स्वल्पविराम देऊन मांडतो आणि आपण पहिला शब्द उचलतो. आम्ही 'अ‍ॅडमिट' तसाच उचलला होता.

'मान्य करणे' याचेच पाहू. मिळाल्याची पोच देणे, दखल घेणे म्हणजे 'अ‍ॅकनॉलेज'. स्वतःची चूक किंवा गुन्हा कबूल करणे म्हणजे 'अ‍ॅडमिट'. देऊ केलेली गोष्ट स्वीकारणे म्हणजे 'अ‍ॅक्सेप्ट', जसे नोकरीचा प्रस्ताव. एखाद्या मताशी किंवा अटीशी सहमत होणे म्हणजे 'अ‍ॅग्री'. मेमो अ‍ॅकनॉलेज करावा, चूक अ‍ॅडमिट करावी, नोकरी अ‍ॅक्सेप्ट करावी, अटींना अ‍ॅग्री व्हावे. हे एक वाक्य पाठ करा, पुढे कधी तरी उपयोगी पडेल.

याच्या उलट 'नाकारणे'. सांगितलेले काम करण्यास नकार देणे म्हणजे 'रिफ्यूज'. आपल्यावर केलेला आरोप खोटा आहे असे म्हणणे म्हणजे 'डिनाय'. अर्ज, माल किंवा सूचना फेटाळणे म्हणजे 'रिजेक्ट'. आरोपाला उत्तर देताना 'आय डिनाय' लिहावे. 'आय रिफ्यूज' लिहिले तर उत्तर द्यायलाच नकार दिला, असा अर्थ कोणी काढील. 'डिनाय'चा आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपण विसरता कामा नये. एखाद्याला त्याचा हक्क न मिळू देणे, यालाही 'डिनाय' म्हणतात. संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदात राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढील समानता नाकारणार नाही असे म्हटले आहे. तेथे इंग्रजीत क्रियापद 'डिनाय' आहे. प्रवेश, पाणी, दाखला, मजुरी यांपैकी काही अडवले गेले आणि तक्रार लिहायची वेळ आली, तर हे क्रियापद वापरा.

'बंद करणे' हा आपला आणखी एक सर्वव्यापी शब्द. आपण दार बंद करतो, दिवा बंद करतो, बोलणे बंद करतो, वाईट प्रथा बंद करतो. इंग्रजीत दार 'क्लोज' किंवा 'शट', दिवा 'स्विच ऑफ', बोलणे 'स्टॉप'. 'क्लोज द लाइट' म्हणू नये. आणि प्रथा? संविधानाचा १७ वा अनुच्छेद उघडून पाहा. अस्पृश्यतेसाठी तेथे दोन वेगवेगळी क्रियापदे आहेत. अस्पृश्यता 'अबॉलिश' केली आहे, आणि तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण 'फॉरबिड' केले आहे. 'अबॉलिश' होते ती व्यवस्था, जिला कायद्याने अस्तित्वच उरत नाही. 'फॉरबिड' होते ते कृत्य, जे माणूस करू शकतो आणि म्हणून ज्याची मनाई करावी लागते. दोन्हींसाठी 'बंद केले' म्हणून आपण बोलण्यात निभावून नेऊ, पण कायद्याला ते परवडत नाही. व्यवस्था कागदावर रद्द झाली तरी कृत्य करणारी माणसे शिल्लक राहतात. त्यांच्यासाठी दुसरे क्रियापद हवे होते. योग्य क्रियापद निवडणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

रोजच्या वापरातली आणखी काही भराभर सांगतो. 'हिअर' म्हणजे कानावर पडणे, 'लिसन' म्हणजे कान देऊन ऐकणे. मागच्या बाकावरच्या मित्रांनो, तुम्ही आत्ता यांपैकी काय करीत आहात ते तुमचे तुम्ही ठरवा! 'सी' म्हणजे दिसणे, 'लुक' म्हणजे नजर वळवून पाहणे, 'वॉच' म्हणजे चाललेली गोष्ट लक्ष देऊन पाहत राहणे. 'टेल'ला लगेच माणूस लागतो : 'ही टोल्ड मी'. 'से'ला लागत नाही, आणि आणायचाच असेल तर मध्ये 'टु' घालावा : 'ही सेड टु मी'. आपली मुले नेमके उलटे करतात, 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड टु मी'. मराठीतल्या 'म्हणाला' आणि 'सांगितले' यांच्याशी ही जोडी लावून पाहा. 'मला म्हणाला' चालते म्हणून 'सेड मी' चालेल असे समजू नका. सामना किंवा बक्षीस 'विन' करतात, प्रतिस्पर्ध्याला 'बीट' करतात. 'वी वन देम' असे होत नाही. चोर वस्तू 'स्टील' करतो आणि माणसाला किंवा बँकेला 'रॉब' करतो. सायकल चोरीला गेली तर पोलीस ठाण्यात 'माय सायकल वॉज स्टोलन' असे लिहावे.

'मेक' आणि 'डू' यांच्याबद्दल नेहमी विचारतात, कारण आपल्याकडे दोन्हींना 'करणे'. ढोबळ नियम असा की, केल्याने काही नवे उभे राहत असेल तर 'मेक' आणि काम नुसते पार पाडायचे असेल तर 'डू'. म्हणून यादी 'मेक' करतात, तक्रार 'मेक' करतात, चूकही 'मेक' करतात. गृहपाठ 'डू' करतात, कर्तव्य 'डू' करतात. हा नियम सर्व ठिकाणी लागू पडत नाही. तेथे जोडी पाठ करणे हाच उपाय. पाढे आपण पाठ केलेच ना!

चौथे कूळ दिसायला सारख्या शब्दांचे. अर्थ अगदी वेगळे, अक्षर मात्र एखाददुसरेच इकडचे तिकडे. 'अ‍ॅफेक्ट' म्हणजे परिणाम करणे, हे क्रियापद. 'इफेक्ट' म्हणजे परिणाम, हे बहुधा नाम. पण सरकारी कागदात 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येते आणि तेव्हा त्याचा अर्थ घडवून आणणे, अमलात आणणे असा होतो. पावसाने पिकावर परिणाम केला तर 'अ‍ॅफेक्ट', बदल घडवून आणला तर 'इफेक्ट'. 'लूज' एका 'ओ'चा असेल तर हरवणे किंवा गमावणे, दोन 'ओ'चा असेल तर सैल. 'अ‍ॅडव्हाइस' आणि 'प्रॅक्टिस' यांच्या शेवटी ब्रिटिश पद्धतीत 'सी' असेल तर ते नाम, 'एस' असेल तर क्रियापद, आणि आपल्याकडे हीच पद्धत शिकवतात. 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणजे स्वीकारणे, 'एक्सेप्ट' म्हणजे वगळून.

या कुळातली एक जोडी जरा थांबून पाहण्यासारखी आहे : 'अ‍ॅडॉप्ट' आणि 'अ‍ॅडॅप्ट'. फरक फक्त 'ओ' आणि 'ए' यांचा. 'अ‍ॅडॅप्ट' म्हणजे परिस्थितीप्रमाणे बदलणे, जुळवून घेणे. 'अ‍ॅडॉप्ट' म्हणजे आपले म्हणून स्वीकारणे, अंगीकार करणे. २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख ज्या उद्देशिकेत आहे, त्या उद्देशिकेच्या शेवटी तीन क्रियापदे येतात : 'अ‍ॅडॉप्ट, इनॅक्ट' आणि 'गिव्ह'. अंगीकृत करतो, अधिनियमित करतो आणि स्वतःप्रत अर्पण करतो. तेथे 'ओ'च्या जागी 'ए' पडला असता तर भारताच्या लोकांनी संविधानाचा अंगीकार केला असे न होता, ते परिस्थितीप्रमाणे वाकवून घेतले असा अर्थ झाला असता. शाळेत उद्देशिका इंग्रजीतून लिहून दाखवताना हे अक्षर तपासून पाहा. ही चूक आम्ही फलकांवर डोळ्यांनी पाहिली आहे.

आता हे सर्व लक्षात कसे ठेवावयाचे? आमच्या अनुभवाने तीन गोष्टी सांगतो.

पहिली, लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. याला कर्म आहे का? क्रिया कोणाकडून कोणाकडे जाते? आणि मराठीतला जो शब्द माझ्या मनात आहे त्याचे येथे नेमके काम काय? कबुली की पोच, नकार की इन्कार? हे प्रश्न मराठीतूनच विचारायचे आहेत. ज्याचे मराठी वाक्य मनात स्वच्छ आहे, त्याचे इंग्रजी वाक्य अर्ध्याहून अधिक झालेले असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या आधीच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या अशाच मराठीचा हात धरून शिकल्या.

दुसरी, इंग्रजी-मराठी शब्दकोशावर थांबू नका. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा आणि त्यातले उदाहरणाचे वाक्य वाचा. क्रियापदाला कर्म लागते की नाही, त्याच्यामागे 'टु' येतो की 'फ्रॉम', हे त्यात दिलेले असते. असा एक प्रसिद्ध शब्दकोश ए. एस. हॉर्नबी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तयार केला. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असत. तो प्रथम १९४२ साली टोकियोत निघाला आणि पुढे १९४८ पासून ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. आज ज्याला ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणतात तो हाच. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांच्या अडचणी समोर ठेवून तो रचला गेला. म्हणजे आपल्यासारखी अडचण असणारे जगभर आहेत, आणि त्या अडचणीतूनच एवढे उपयोगी पुस्तक जन्माला आले.

तिसरी, स्वतःच्या चुकांची वही करा. दुसऱ्याने दिलेली यादी आठवड्यात विसरते, स्वतः खाल्लेली ठेच विसरत नाही. एका पानावर एकच जोडी लिहा, प्रत्येकीचे आपल्या घरातले, आपल्या वस्तीतले एक वाक्य लिहा. आज हातातला मोबाईलसुद्धा वाक्य सुधारून देतो, पत्रच्या पत्र लिहून देतो. त्याची मदत जरूर घ्या. पण त्या पत्राखाली सही तुमची असते. 'अ‍ॅडमिट' आणि 'अ‍ॅकनॉलेज' यांतला फरक सही करणाऱ्याला कळला पाहिजे.

शेवटी आमच्या वेतनवाढीचे काय झाले ते सांगून थांबतो, कारण समोरच्या काही चेहऱ्यांवर तो प्रश्न दिसतो आहे. हेडक्लार्कच्या सल्ल्याने आम्ही वरिष्ठांकडे अपील केले. ते दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावे असे मित्र म्हणत होते. आम्ही चार रात्री बसून स्वतः लिहिले. त्यात मुख्य वाक्ये तीनच होती. मेमो मिळाल्याचे मी अ‍ॅकनॉलेज केले होते. आरोप मी डिनाय करतो. माझा अर्ज आवक रजिस्टरात नोंदलेला आहे, तो पाहावा. त्यानंतर रजिस्टर उघडले गेले आणि वेतनवाढ मिळाली, पण पुढल्या वर्षी. मधल्या वर्षात आईच्या औषधाला आम्हाला उसने पैसे घ्यावे लागले. तेव्हापासून 'बॉरो' हा शब्द आम्ही कधी चुकलो नाही!

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी बोलताना चुकलात तर लाजू नका. चुकत चुकतच ती भाषा तुमची होईल. पण अर्ज, खुलासा, तक्रार आणि करार या चार कागदांवर सही करण्यापूर्वी प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवा आणि कोणी, काय, कोणाला, असे विचारा. आजच्या गुणवंतांपैकी एखाद्याने घरी जाऊन वहीचे पहिले पान सुरू केले, आणि ते शेजारच्या मुलाला शिकवले, तर आमचे येथे येणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.



जय भीम!